नववी ‘ब’ला सांगायचं राहून गेलं ते

१९८७ च्या जुलैत मी बालाघाटच्या एका शाळेत नववी ‘ब’ला इतिहास शिकवत होतो. वय ३१, नोकरीचं सहावं वर्ष. घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हींच्या जोडीला पोवारी, अशी आमच्या गावाची रीत. पाठ मेसोपोटेमियाचा होता. हम्मुराबीचे कायदे आदल्या दिवशी झाले होते, त्या दिवशी नबुखद्नेस्सर आणि बाबेलच्या झुलत्या बागा चालल्या होत्या. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्गात ती एकटीच ख्रिस्ती होती. म्हणाली, “सर, हा राजा आमच्या बायबलात आहे. त्याने यरुशलेम जाळलं. मग त्याच्या आधीचा दाऊद राजा आपल्या इतिहासात कधी येणार?”

मी हिंदीत जे उत्तर दिलं त्याचा मराठीत अर्थ असा होतो: नबुखद्नेस्सर इतिहासातला आहे म्हणून तो खरा. दाऊद, सुलैमान, मूसा, इब्राहीम (मराठी बायबलातले दावीद, शलमोन, मोशे, अब्राहाम) ही बायबलातली पात्रं. अशी माणसं झालीच नाहीत.

मागच्या बाकांवर हशा झाला. तो मी थांबवला नाही. मुलगी खाली बसली आणि त्या वर्षी तिने माझ्या तासाला पुन्हा काही विचारलं नाही.

रविवारी तिचे वडील घरी आले. आमच्या गोंदिया–जबलपूर छोट्या लाइनवर ते गार्ड होते. कॉलनीत सगळे त्यांना गार्डबाबूच म्हणत. घराणं मूळचं अहमदनगरकडचं, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत व्हायचं. चपला बाहेर काढून ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “सर, पोरगी म्हणते की तुम्ही वर्गात सांगितलं, दावीद झालाच नाही. मी तिला म्हटलं, सर असं म्हणणार नाहीत. पुरावा सापडलेला नाही, असं म्हणाले असतील. तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल.”

त्यांनी माझ्यासाठी वाट काढून ठेवली होती. मी त्या वाटेने गेलो. म्हणालो, “हो, पुरावा नाही एवढंच मी बोललो. तिच्या ऐकण्यात गडबड झाली.”

ती मुलगी खरं बोलत होती आणि मी खोटं बोललो. चौदा वर्षांच्या पोरीवर तिच्या बापासमोर ‘तिला नीट ऐकू आलं नाही’ असा ठपका ठेवला आणि चहा पुढे केला. पुढच्या सगळ्या चुका मी मोजतो तेव्हा पहिली हीच येते, दावीदाबद्दलची नंतर.

निघताना गार्डबाबू पायरीवर थांबले. म्हणाले, “आमच्या गाडीचंच बघा सर. बालाघाटहून किती वाजता सुटली, नैनपूरला किती वाजता लागली, ते स्टेशनच्या रजिस्टरात मिळेल. डब्यात कोण बसलं होतं ते मिळणार नाही. म्हणून डबा रिकामा होता असं काही म्हणता येत नाही.”

तेव्हा मला ते गार्डाचं बोलणं वाटलं. इतिहासाची पदवी माझ्याकडे होती.

त्या पदवीने मला काय शिकवलं होतं तेही सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याच्या जंगलात एका झाडाला टांगलेला ताम्रपट सापडला होता. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचा. कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला आणि पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखसंग्रहात घेतला. मजकूर अर्धवट आहे. राजाच्या घराण्याची नावं येतात, त्याचा बाप नरेंद्रसेन, आई कुंतलच्या राजाची मुलगी अज्झितभट्टारिका, आणि दान कोणाला दिलं हे कोरायच्या आधीच लेख तुटतो. हा ताम्रपट माझा अभिमानाचा विषय. दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी मुलांना त्याची गोष्ट सांगत असे. गावाचं नाव ‘बालाघाट ताम्रपट’ म्हणून जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी आहे, हे सांगताना मला भरून येई.

याच घराण्याचा मूळ पुरुष विंध्यशक्ती पुराणांत येतो. त्याने ९६ वर्षं राज्य केलं असं पुराणं म्हणतात. त्याचा मुलगा प्रवीर, त्याची ६० वर्षं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या वराहदेवाच्या लेखात विंध्यशक्तीचं नाव आहे, आणि पुराणांतला प्रवीर म्हणजे ताम्रपटांतला पहिला प्रवरसेन हे सगळे मानतात. मी वर्गात सांगायचो, बघा, पुराणातली माणसं खरी निघाली, फक्त वर्षं वाढवलेली आहेत. आकडा फुगला म्हणून माणूस खोटा होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते मी विंध्यशक्तीपुरतंच वापरलं. दावीदाने ४० वर्षं राज्य केलं असं बायबल म्हणतं, त्याला मात्र मी एका वाक्यात उडवून लावलं. आपल्या धान्याला एक पायली आणि दुसऱ्याच्या धान्याला दुसरी पायली.

आणखी एक गोष्ट त्याच काळातली. येशू काश्मिरात आला होता, हे मी नागपूरला शिकत असताना ऐकलं होतं आणि ते मी शाळेत सांगतही असे. त्याचं मूळ म्हणजे निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली छापलेलं पुस्तक. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी मिळाली, असा त्याचा दावा होता. मॅक्स म्युल्लर यांनी तो तेव्हाच खोडून काढला. आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले आणि मठाच्या प्रमुख लामांनी त्यांना सांगितलं की अशी पोथी आमच्याकडे नाही. आपल्याकडे बाबाराव सावरकरांनी १९४६ च्या पुस्तकात ख्रिस्त तामिळ हिंदू होता इथपर्यंत मजल मारली. त्यालाही येशूच्या काळचं एकही साधन आधाराला नाही. म्हणजे एकाच वर्षी, एकाच तोंडाने मी दोन गोष्टी सांगत होतो: बायबलातली माणसं झालीच नाहीत, आणि त्यांतला एक आमच्याकडे शिकायला आला होता. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नाहीत.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला गेलो. गार्डबाबूंचं वाक्य डोक्यातून गेलं नव्हतं. एका ग्रंथालयात बाबेलच्या उत्खननाचं पुस्तक काढलं आणि पहिल्याच दुपारी हातपाय गार पडले.

जर्मन संशोधक रॉबर्ट कोल्डेवे यांनी १८९९ पासून बाबेल खणलं. नबुखद्नेस्सरच्या राजवाड्यात त्यांना कमानींच्या खोल्यांची एक इमारत मिळाली. झुलत्या बागांचा पाया हाच, असं त्यांना वाटलं. त्या खोल्यांत मातीच्या पाट्या होत्या. बागेचा त्यांत उल्लेख नाही. त्या कोठाराच्या हिशेबाच्या पाट्या निघाल्या: कोणाला किती तेल मोजून दिलं. १९३९ साली अर्न्स्ट वाइडनर यांनी त्या प्रसिद्ध केल्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन याच्या नावावर तेल पडलेलं आहे. त्याच्या पाच मुलांच्याही नावे आहे. एका पाटीचं साल इ.स.पू. ५९२ येतं. बायबलातल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या शेवटी हाच यहोयाखीन बाबेलात बंदिवान आहे, आणि त्याला राजाकडून रोजचा शिधा मिळतो असं लिहिलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पहिल्याच पानावर येशूची वंशावळ आहे. त्या वंशावळीतला यखन्या तो हाच.

मी ज्या राजवाड्याबद्दल शिकवत होतो, त्याच राजवाड्याच्या कोठारातून बायबलातला एक राजा तेल घेत होता. शिधापत्रिकेवर असावी तशी कोरडी नोंद. ती छापून ४८ वर्षं झाली होती. आणि झुलत्या बागा, ज्या मी फळ्यावर चित्र काढून खऱ्या म्हणून शिकवल्या, त्यांचा बाबेलच्या एकाही लेखात उल्लेख नाही. त्यांचं वर्णन येतं ते पुढच्या काळातल्या ग्रीक आणि रोमन लेखकांकडून. मुलीने ज्याबद्दल विचारलं ते मी खोटं ठरवलं, आणि ज्याला पुरावा नव्हता ते परीक्षेला घातलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, बायबलातले आणखी राजे शोधत. अहाब राजा अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसरच्या शिलालेखात सापडला. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कारच्या लढाईत २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन उभा असलेला. ही लढाई बायबलात नाही, पण अहाब तोच. येहू तर काळ्या दगडाच्या स्तंभावर चक्क चित्रात आहे. शल्मनेसरपुढे दंडवत घालणारा तो स्वतः येहू, नाहीतर त्याचा दूत. ओम्री राजाचं नाव मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखात, जो १८६८ साली सापडला आणि आता पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. हिज्कीयाची तर हिशेबासकट गाठ पडली. अश्शूरच्या सन्हेरीबाने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदावर स्वारी केली, ४६ तटबंदीची गावं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात कोंडलं, असं सन्हेरीब लिहितो. खंडणी त्याने लिहिली आहे ३० किक्कार सोनं आणि ८०० किक्कार चांदी. बायबलात सोनं तेवढंच, ३० किक्कार, चांदी मात्र ३००. दोन शत्रूंच्या वह्यांत सोन्याचा आकडा जुळतो आणि चांदीचा जुळत नाही. वर्गात शिकवायला याहून चांगला धडा मला माझ्या साऱ्या नोकरीत मिळाला नाही.

आणि तो मी शिकवला नाही. नोव्हेंबरात शाळा उघडली. नववी ‘ब’ पुढे पाच महिने माझ्याकडे होती. रोज ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसत होती. “जुलैत मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” एवढं वाक्य मला बोलायचं होतं. आज बोलू, उद्या बोलू करत मार्च आला, पेपर झाले, वर्ग दहावीत गेला. दहावीला इतिहास दुसऱ्या सरांकडे होता.

तिच्याशी असं का वागलो याचं खरं उत्तर मला काही वर्षांनी मिळालं, तेही एका मुलाच्या प्रश्नातून. बैहरकडून आलेला एक गोंड मुलगा अकरावीत होता. मंडला जिल्ह्यातल्या रामनगरला हिरदेशहाने १६६७ साली कोरवलेला संस्कृत शिलालेख आहे. त्यात जादुरायापासून हिरदेशहापर्यंत गढा-मंडलाच्या राजांची पन्नासच्या वर नावं आहेत. त्या मुलाने मला विचारलं, “सर, जादुराय खरंच झाला का?” मी त्याला जवळ बसवलं. सांगितलं की संग्रामशहापासून पुढचे राजे आपल्याला नाण्यांवरून, मोगलांच्या बखरींवरून ठाऊक आहेत, संग्रामशहाची सून राणी दुर्गावती १५६४ साली लढताना गेली हे ठाऊक आहे. त्याच्या आधीची नावं एका घराण्याने आपल्या आठवणीत जपलेली आहेत, त्यांतली किती खरी ते आज सांगता येत नाही, पण आठवण जपली गेली हेही इतिहासात मोलाचं आहे. मुलगा समाधानाने गेला.

तो गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. हेच उत्तर मला दावीदाबद्दल देता आलं असतं. ओम्रीपासून पुढचे राजे शत्रूंच्या शिलालेखांत सापडतात, त्याच्या आधीचे घराण्याच्या आठवणीत आहेत. शब्द तेच. मग एका लेकराला मायेने आणि दुसऱ्याला तोडून का? कारण आमच्या जिल्ह्यात गोंड समाज मोठा आहे आणि माझ्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी होती. त्या मुलीच्या बाजूने कोणी मुख्याध्यापकांकडे जाणार नव्हतं. राम किंवा कृष्ण इतिहासात झाले का, हा प्रश्न मी वर्गात कधी काढला नाही, काढायची हिंमतही नव्हती. हिंमत दाखवली ती जिथे लागत नव्हती तिथे, आणि त्याला मी बुद्धिवाद म्हणत आलो.

१९९३ साली इस्राएलच्या उत्तरेला तेल दान इथे अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात भिंतीत चिणलेला एक तुटका शिलालेख सापडला. त्याचे आणखी तुकडे पुढच्या वर्षी मिळाले. अरामी भाषेतला, इ.स.पू. नवव्या शतकातला. कोणी अरामी राजा, बहुधा दिमिष्कचा हजाएल, बढाई मारतो की मी इस्राएलच्या राजाला मारलं आणि ‘दावीदाच्या घराण्या’च्या राजाला मारलं. बायबलाबाहेर दावीदाचं नाव सापडलं ते हे पहिलं. बातमी माझ्या वाचनात आली तेव्हा दावीद ज्यांच्या देव्हाऱ्यातला नाही अशा घरात बसून माझे डोळे भरून आले होते. मी ‘झालाच नाही’ म्हटल्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि दगड निघाला होता.

इथून मी दुसऱ्या टोकाला गेलो. ही चूक मला पहिलीहून कमी लाजिरवाणी वाटत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये मुंबईला नातेवाइकांकडे गेलो होतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून पर्शियाच्या कोरेश राजाचा मातीचा दंडगोल आला होता. वीतभर लांब, पिंपाच्या आकाराचा, बारीक कीलाक्षरांनी भरलेला. १८७९ साली बाबेलात सापडलेला. कोरेशाने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतलं. बंदिवान यहूद्यांना त्याने यरुशलेमला परत पाठवलं आणि मंदिर बांधायची परवानगी दिली असं बायबलातल्या एज्राच्या पुस्तकात आहे. काचेपुढे पारशी कुटुंबांची दाटी होती. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे होते. मीही जोडले. शेजारच्या फलकावरचं मी भरभर वाचलं, भाषांतराची प्रत घेतली नाही, आणि मनाशी ठरवून टाकलं की याने बायबल सिद्ध झालं.

त्याच वर्षी डिसेंबरात गावातल्या ख्रिस्ती मंडळीने नाताळच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं. जुनं ऋण फेडायची संधी आली असं मला वाटलं. मी पाऊण तास बोललो. कोरेशच्या दंडगोलावर यहूद्यांच्या सुटकेचा हुकूम आहे, म्हणालो. तेल दानच्या दगडाने दावीदाच्या साऱ्या कथा खऱ्या ठरवल्या, म्हणालो. येशूचा भाऊ याकोब याची अस्थिपेटी सापडली, तिच्यावर येशूचं नाव आहे, म्हणालो. गोंडोफर्नीस राजाची नाणी मिळाली म्हणजे प्रेषित थोमा भारतात आला हे सिद्ध झालं, म्हणालो. टाळ्या झाल्या.

यांतलं एकही विधान जसं मी केलं तसं खरं नाही. दंडगोलावर यहूदी नाहीत, यरुशलेम नाही. त्यावर मार्दूक देव आहे, बाबेल आहे, आणि आसपासच्या गावांतले देव आपापल्या देवळांत परत बसवल्याची नोंद आहे. कोरेशचं धोरण बायबलातल्या कथेशी जुळतं, एवढंच म्हणता येतं. तेल दानच्या दगडावर दावीदाचं घराणं आहे. गल्याथाशी झालेली लढाई नाही, स्तोत्रं नाहीत. उलट तुटकी अक्षरं अभ्यासक जशी जुळवतात तशी ती वाचली, तर अहाबाचा मुलगा योराम आणि यहूदाचा अहज्या यांना या अरामी राजाने मारलं असं निघतं, आणि बायबल म्हणतं त्यांना येहूने मारलं. एकच दगड दावीदाच्या बाजूने साक्ष देतो आणि ‘२ राजे’च्या नवव्या अध्यायाला प्रश्न विचारतो. अस्थिपेटी २००२ साली पुढे आली, तिच्यावरच्या अक्षरांवरून बनावटीचा खटला चालला, २०१२ साली आरोपी त्या आरोपातून सुटला, पण त्याने पेटीवरचा लेख खरा ठरत नाही, हे न्यायाधीशांनीच स्पष्ट केलं. गोंडोफर्नीसचं म्हणाल तर ‘थोमाची कृत्ये’ या जुन्या ग्रंथाबाहेर त्याचा पत्ता नव्हता, मग एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी निघाली. राजा खरा ठरला. त्याच्या दरबारी कोण आलं ते नाण्यावर नसतं.

कार्यक्रमानंतर चहा होता. गार्डबाबू आता सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, “सर, तेव्हा तुम्ही न वाचता नाही म्हणालात. आज न वाचता हो म्हणालात.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हणालो, “गार्डबाबू, तेव्हा तिने बरोबर ऐकलं होतं.”

“मला तेव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले. “तुमचा मान राहावा म्हणून मी तसं बोललो. घरी जाऊन पोरीला सांगितलं, तूच चुकीचं ऐकलंस. ते माझं चुकलं.”

आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. मग त्यांनी मला नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक होती तरी ऐकली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल दिलं, दोन वर्षांनी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. “ती गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते,” गार्डबाबू म्हणाले. “रेल्वेच्या कोणत्या वहीत हे सापडेल? तरी ते झालं. सर, माझा विश्वास दगडावर टेकलेला नाही. पण दगडाबद्दल बोलायचं तर दगडावर आहे तेवढंच बोला.”

त्यानंतर मी प्रत्येक नाव वेगळं घेऊन पुन्हा वाचलं. ‘बायबलातली माणसं खरी का’ हा प्रश्नच मी आयुष्यभर चुकीचा धरला होता. बायबल हे एक पुस्तक नसून अनेक शतकांत लिहिलेल्या पुस्तकांचं कपाट आहे, आणि एका कपाटातल्या सगळ्या वह्यांना एक उत्तर लागू होत नाही. आज ती तिसऱ्या बाकावरून उठली तर मी तिला सांगेन की अब्राहाम आणि मोशे यांचं नाव बायबलाबाहेर त्या काळच्या कुठल्याही लेखात मिळालेलं नाही. इस्राएल नावाचे लोक मात्र इ.स.पू. १२०८ च्या सुमाराला कनान देशात होते, कारण मिसरचा राजा मर्नेप्ताह त्यांना संपवल्याचं आपल्या शिलालेखात लिहितो. दावीदाचं घराणं दगडावर आहे, त्याचं राज्य किती मोठं होतं यावर विद्वान अजून भांडतात. त्याचा मुलगा शलमोन अजून कोणत्याही दगडावर आलेला नाही. ओम्रीपासून पुढे पाय जमिनीला लागतात.

दानीएलाच्या पुस्तकाबद्दल मी जास्त सावकाश बोलेन. त्यातला बेलशस्सर कधी झालाच नाही असं एकेकाळी कित्येक पंडित म्हणत, अगदी माझ्यासारखे ठामपणे. १८५४ साली ऊरमध्ये सापडलेल्या लेखांत तो निघाला, पण नबुखद्नेस्सराचा मुलगा म्हणून नाही, नबोनिदस राजाचा मुलगा म्हणून. पंडित चुकले होते, आणि पुस्तकातलं नातंही जुळलं नाही.

येशूबद्दल तिने विचारलं नव्हतं, तरी सांगेन, कारण काश्मीरची भाकडकथा मी त्याच शाळेत पसरवली. येशू नावाचा गालीलातला यहूदी गुरू होऊन गेला आणि पंतय पिलाताच्या अमलात त्याला वधस्तंभावर मारलं, हे ख्रिस्ती नसलेले इतिहासकारही जवळपास एकमुखाने मानतात. पौलाची पत्रं येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतली आहेत, आणि येशूच्या भावाला, याकोबाला, आपण भेटलो असं तो गलतीकरांना लिहितो. यहूदी इतिहासकार जोसेफसही त्या याकोबाचा उल्लेख करतो. त्याच्याच ग्रंथात येशूवरचा दुसरा एक उतारा आहे, त्यात पुढे ख्रिस्ती हातांनी भर घातली असं बहुतेक विद्वान मानतात, तेही मुलीला सांगायला हवं. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पिलाताच्या हुकमाने झालेला हा मृत्यू नोंदवतो. आणि पिलात स्वतः १९६१ साली कैसरियाच्या नाट्यगृहाच्या अवशेषांत एका दगडावर कोरलेला सापडला. येशूच्या जन्माच्या सालाचा मात्र मेळ बसत नाही. मत्तय हेरोदाच्या काळातला जन्म सांगतो, तो हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार धरतात. लूक ज्या क्विरीनियसच्या शिरगणतीशी जन्म जोडतो ती इ.स. ६ मधली. मेलेल्यांतून उठणं हे इतिहासाच्या वहीत मावणारं नाही. तिथे इतिहासाच्या मास्तराने खडू खाली ठेवायचा, हसू येऊ द्यायचं नाही.

२०१५ च्या सुरुवातीला मी तिला पत्र लिहिलं. ती आता दुसऱ्या राज्यात असते, तिची मुलं नववीच्या पुढे गेली आहेत. महिन्याने उत्तर आलं, चारच ओळींचं. तिने मला माफ केलं होतं, पण शेवटची ओळ अशी होती: “सर, मला सांगितलंत. वर्गाला सांगितलंत का?”

वर्ग आता कुठे आहे? कोणी भरवेलीच्या खाणीत लागलं, कोणी मलाजखंडला, कोणी नागपूर-रायपूरला गेलं. पुढची काही वर्षं मी जमेल तसे पत्ते काढले, भेटेल त्याला सांगितलं. काहींना तो दिवस आठवत नव्हता. दोघांना आठवत होता, आणि त्या दोघांनी ‘दाऊद वगैरे काल्पनिक आहेत, आमच्या सरांनी सांगितलंय’ असं पुढे आपल्या मुलांनाही शिकवलं होतं. बाकीचे मला सापडले नाहीत. गार्डबाबूही आता नाहीत.

नववी ‘ब’, सन १९८७-८८ मधलं कोणी हे वाचत असेल, तर त्याने एवढं लिहून घ्यावं आणि आपल्या बाकाशेजारच्याला कळवावं: बाबेलच्या पाठाच्या तासाला मी जे सांगितलं ते चूक होतं, तिचा प्रश्न बरोबर होता, आणि तिने काहीही चुकीचं ऐकलं नव्हतं.